जरा उजळ करा की

नवा टीव्ही भिंतीवर लावून पहिल्यांदा चालू केला की तो आधी भाषा विचारतो, मग वायफाय विचारतो, आणि मग एक असा प्रश्न विचारतो ज्याच्याकडे घरातलं कुणीच लक्ष देत नाही. टीव्ही कुठे वापरणार, घरात की दुकानात? घरची मंडळी तोवर थर्माकोल गोळा करत असतात, रिकाम्या खोक्यात शिरलेल्या नातवाला बाहेर ओढत असतात. रिमोट माझ्या हातात असतो आणि उत्तर मीच देतो.

‘दुकान’ दाबलं की चित्र भडकतं. शोरूममध्ये एका रांगेत वीस-वीस टीव्ही लावलेले असतात, वर ट्यूबलाइटचा झगझगाट असतो. त्यात गिऱ्हाइकाची नजर आपल्याकडे वळावी म्हणून प्रत्येक टीव्ही जणू ओरडत असतो. घरी आल्यावर त्यानं आवाज उतरवावा, यासाठी तो प्रश्न असतो. कोल्हापुरातल्या एका दुकानासाठी टीव्ही बसवण्याचं काम मी बावीस वर्षं करतोय. चपटे टीव्ही आले त्यानंतर पहिली काही वर्षं मी सर्रास ‘दुकान’ दाबत होतो. कारण साधं होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, “आयला, दुकानात बघितला तस्साच हाय की!” आणि लगेच मोबाइलवर आलेला चार आकडी कोड सांगायचं. हा कोड मिळाला की कंपनीच्या लेखी गिऱ्हाईक समाधानी आणि काम संपलं. मी पुढच्या घराकडे निघायचो.

हे बरोबर नाही असं मला कुणी सांगितलं नाही. एकदा घरच्या टीव्हीवर मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगची सीडी लावली, तर पोरीचे गाल टोमॅटोसारखे आणि शाळेच्या मैदानावरचं वाळकं गवत पोपटी. मैदान मी रोज बघतो. पोरीला तर रोजच बघतो. त्या दिवशी बसून एकेक आकडा सरकवत गेलो, आणि तासाभरानं पडद्यावर माझी मुलगी दिसायला लागली. त्यानंतर मी प्रत्येक घरात ‘घर’ दाबायला लागलो आणि वर अर्धा तास घालवून चित्र नीट करून द्यायला लागलो. दुकानातले सोबती म्हणायचे, “तुला टीव्ही बसवायला पाठवतात का त्याला शाळेत घालायला?”

बाहेरच्या माणसाला हे काम रिमोटशी खेळल्यासारखं वाटतं. थोडं सांगतो. ब्राइटनेस वाढवला की उजेड वाढतो असं सगळे समजतात. खरं तर तो काळ्या रंगाला हात घालतो. जास्त वाढवला की काळे केस राखाडी होतात आणि अंधारातली गल्ली धुक्यात गेल्यासारखी दिसते. शार्पनेस वाढवला की चित्र स्पष्ट होत नाही, फक्त प्रत्येक वस्तूभोवती एक पांढरी कड उगवते. आणि टोन नावाचा एक प्रकार असतो, थंड किंवा उबदार. थंड केला की सगळं निळसर पांढरं होतं, उबदार केला की पिवळटपणा येतो. बहुतेकांना थंड आवडतो, कारण तो धुतल्यासारखा वाटतो. खरं चित्र बहुतेक वेळा उबदारच्या बाजूला असतं.

हुपरीत एक पैंजण घडवणारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे मी उबदार टोन लावून दिला आणि मोठ्या अभिमानानं म्हणालो, “हे खरं चित्र.” त्यांनी कपाटातून एक पैंजण काढला, टीव्हीवर दागिन्यांची जाहिरात लागेपर्यंत हातात धरून बसले, आणि जाहिरात लागल्यावर पडद्याशेजारी धरला.

“पावणं, ही चांदी. आणि तुमच्या टीव्हीतली ही काय? पितळ?”

मी म्हटलं, “डोळ्याला सवय व्हायला दोन दिवस लागतात.”

“डोळ्याला सवय लागली तर माझा धंदा बसंल की ओ!”

त्यांच्यापुरतं चित्र चांदीवर बेतून दिलं. त्यामुळे बातम्या देणारी माणसं तापातून उठल्यासारखी दिसायला लागली, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

दुसरी एक गंमत चित्राच्या हालचालीची. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करायची एक सोय असते. ती चालू असली की मालिका मालिकेसारखी दिसत नाही, आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी घडतंय असं वाटतं. एका घरात मी ती बंद करायला विसरलो. मालिका लागली, त्यात सासऱ्याचं काम करणारा नट दारातून आत आला, आणि कॉटवरच्या म्हाताऱ्या आजींनी चटकन पदर डोक्यावर घेतला. सगळे हसले. आजी म्हणाल्या, “हसतासा काय, माणूस घरात आलाय की!” मीही हसलो. पण मनात आलं, आपण भिंतीवर जे टांगून जातो त्यावर लोकांचा किती विश्वास असतो.

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती आता सांगतो.

‘उजळ’ हा शब्द आपल्याकडे चित्रालाही लागतो आणि माणसालाही. गिऱ्हाइकाच्या तोंडून मी तो दिवसातून दहा वेळा ऐकतो. “जरा उजळ करा की.” ते टीव्हीबद्दल बोलतात. सहा वर्षांपूर्वी कागलमध्ये एका मुलानं मला हे म्हटलं, तेव्हा तो टीव्हीबद्दल बोलत नव्हता, आणि ते मला कळत होतं. मुलाचं आणि पुढे येणाऱ्या मुलीचं नाव मी बदललंय. गावं बदललेली नाहीत.

मुलगा अमर. एमआयडीसीत कामाला. वडील लवकर गेले, आईनं म्हशी राखून त्याला शिकवलं. आईला मी काकू म्हणतो. काकू गोठ्यात घसरून पडल्या होत्या, पायात रॉड घातला होता आणि डॉक्टरांनी तीन महिने कॉटवरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. म्हणून पोरानं टीव्ही घेतला. मी तो त्यांच्या कॉटसमोर बसवला, चित्र लावून दिलं आणि अंगणात येऊन ड्रिल पुसत होतो. तेवढ्यात अमर मागोमाग आला.

“काका, एक काम हुतं.”

“बोल की.”

“आईला एका मुलीचा व्हिडिओ दाखवायचाय. नेसरीची हाय. मी आणि मामा जाऊन बघून आलोय. मला पसंत हाय.”

“मग दाखव. फोनचं चित्र टीव्हीवर येतं, मी लावून देतो.”

तो घुटमळला. “आईचं एकच असतंय. सून उजळ पायजे. आधीच्या दोघी तिनं फोनवर बघूनच घालवल्या.”

“आणि ही?”

“सावळी हाय,” असं म्हणून तो लाजून हसला. “पण तुम्ही बघा तर खरं.”

त्यानं फोन पुढे केला. गोठ्याच्या भिंतीपुढे एक मुलगी उभी होती. साधी पिवळी साडी, चेहऱ्यावर पावडरचा कणही नाही. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, विज्ञान शिकवायला आवडतं म्हणाली. एवढ्यात मागून एका वासरानं तिच्या पदराचं टोक तोंडात धरून ओढलं आणि ती बोलणं सोडून खळखळून हसली. व्हिडिओ तिथेच संपला. पोरगा ह्या हसण्यावर भाळला होता हे कुणीही सांगितलं असतं.

“टीव्हीवर जरा उजळ करा की. तेवढंच.”

मी नाही म्हणू शकलो असतो. खरं सांगायचं तर मला ते नाही म्हणण्यासारखं वाटलंच नाही. उलट बरं वाटलं. ज्या कामाला सगळे रिमोटशी खेळणं म्हणत होते, त्याचा कुणाच्या तरी आयुष्याला उपयोग होणार होता. आत गेलो. “काकू, जरा सेटिंग राहिलंय,” म्हणालो. टोन उबदारवरून थंडवर नेला. कलर थोडा उतरवला, म्हणजे तपकिरीतला तांबूसपणा जातो. ब्राइटनेस पाच-सहा घरं वर. व्हिडिओ थांबवून त्या मुलीच्या कपाळावर नजर ठेवली आणि एकेक आकडा सरकवत गेलो. माझ्या मुलीच्या शाळेची सीडी लावून बसलो होतो तसाच. फक्त ह्या खेपेला उलट्या दिशेनं.

काकूंनी व्हिडिओ तीनदा बघितला.

“वासरू बुजत न्हाई तिला. गोठ्यात राबणारी हाय,” त्या म्हणाल्या. मग मान तिरकी करून म्हणाल्या, “रंग बी निमगोरा हाय. चालतंय. कळवा त्यास्नी.”

अमरनं माझ्याकडे बघितलं. निघताना मी सगळे आकडे परत होते तिथे आणले. चोरानं पाय पुसून जावं तसं.

लग्न झाल्याचं कळलं. त्यानंतर पाच वर्षं मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगत फिरलो. दुकानात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, एकदा तर डीलर लोकांच्या जेवणात उभं राहून सांगितली. “टीव्ही बसवणारे लई असतील, रिमोटवर लग्न जुळवणारा मी एकटाच.” हमखास हशा व्हायचा.

गेल्या वर्षी त्या घरातून तक्रार आली. पडद्याची डावी बाजू अंधारली होती. पडद्यामागच्या दिव्यांची एक पट्टी गेली की असं होतं. मी गेलो. दार उघडलं ते व्हिडिओतल्याच मुलीनं. तिला मी अश्विनी म्हणतो. अंगावर शाळेत शिकवायला जाताना नेसतात तशी साडी, हाताशी दोन-अडीच वर्षांची पोर. मी तिला ओळखलं. तिनं मला ओळखायचं काही कारण नव्हतं.

काकू आता काठी घेऊन चालत होत्या. मी टीव्ही उतरवून पलंगावर पालथा घातला आणि मागचे स्क्रू काढायला लागलो, तर त्या शेजारी येऊन बसल्या.

“हाच टीव्ही, दादा. ह्याच्यावरच सून बघितली मी.”

“व्हय का,” मी म्हणालो. तेव्हा टीव्ही बसवायला आलेला माणूस मीच, हे त्यांना आठवत नव्हतं.

“टीव्हीत उजळ हुती. घरात आणली तर ही अशी. लग्नात हळदीनं आणि पावडरीनं काय कळलं न्हाई. पूजेला तोंड धुऊन बसली, तवा बघितलं.”

अश्विनी चहा घेऊन आली होती. तिनं मान वर केली नाही. “आई, तुमच्यात साखर घातली न्हाई,” एवढंच म्हणाली.

“टीव्हीचा काय दोष,” काकू पुढे बोलतच होत्या. “हिच्या बानं व्हिडिओत गोलमाल केली. आता मोबाइलातच तोंड गोरं करायची सोय असती म्हणं. पयल्या दिवाळीला हिला न्यायला आलता. घर माणसांनी भरलं हुतं. सगळ्यांदेखत इचारलं मी, ‘पावणं, फसवायला आमीच घावलो व्हय?’ काय बोलला न्हाई. कपात चहा तसाच ठिवून गेला.”

माझ्या हातात नवी पट्टी होती. सांगायचं म्हटलं तर एकच वाक्य होतं. ‘काकू, ते मी केलं.’ पण मी ते म्हणालो नाही. पट्टी बसवली, टीव्ही टांगला, चित्र दाखवलं.

कोड अश्विनीच्या फोनवर आला होता. फाटकापाशी ती तो वाचून दाखवत होती, तेव्हा मी विचारलं, “वडील येतात का आता?”

“येतात की,” ती म्हणाली. “स्टँडपर्यंत.”

मला आधी कळलं नाही.

“एसटीनं येतात. मी पोरीला घेऊन कागलच्या स्टँडवर जाते. नाचणी, काजू, काय असंल ती पिशवी देतात, नातीला मांडीवर घेतात आणि पुढच्या गाडीनं परत जातात. घरी येत न्हाईत.” मग जरा थांबून म्हणाली, “व्हिडिओ काढताना माझा भाऊ म्हणत होता, फिल्टर लावूया. अण्णांनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला. म्हणाले, हाय तशी दाखवायची, मागनं बोल नको.”

मी कोड घेतला आणि निघालो. हे लिहिताना मान खाली जाते, पण तसंच झालं. समाधानी गिऱ्हाइकाचा कोड फोनमध्ये घातला आणि गाडीला किक मारली.

चार महिने मी गेलो नाही. कागलकडे कामं असायचीच. स्टँडवरून जाताना गाडी हळू व्हायची आणि मी बाकांकडे बघायचो. पिशवी घेऊन बसलेला प्रत्येक म्हातारा मला तोच वाटायचा. स्वतःशी युक्तिवाद चालायचे. आपण सांगितलं तर त्या पोराचं काय होईल? बायकोला कळेल, नवऱ्यानं आपल्याला उजळ करून दाखवलं. बसलेली घडी विस्कटेल. हे सगळं खरं होतं आणि माझ्या सोयीचंही होतं.

शेवटी बायकोला सांगितलं. तिनं शेंगा फोडायचं काम थांबवलं नाही.

“ही गोष्ट तुम्ही माझ्या भावाच्या लग्नात सांगितलीसा,” ती म्हणाली. “मांडवात सगळे हसले. मी पण हसले. मी काय गोरी हाय?”

तिनं टरफलं बाजूला सारली.

“ह्या रविवारी जावा. पोरगा घरात असताना जावा.”

गेलो. अमर फाटकात गाडी धूत होता. मी कशाला आलोय ते सांगितल्यावर त्यानं पाण्याची नळी खाली टाकली.

“काका, पाया पडतो. जुनं उकरू नका. आई आता पयल्यासारखं बोलत न्हाई.”

“तिच्या वडिलांना घरात येता येत नाही, अमर.”

“मला म्हाईत न्हाई व्हय? दर खेपेला वाटतंय सांगावं. मग वाटतंय, आता काय, एवढी वर्षं गेली.”

“मलाही तेच वाटत होतं.”

आम्ही दोघं तिथे उभे होतो. नळीचं पाणी माझ्या चपलांखालून वाहत होतं. मग मीच पुढे झालो.

काकू म्हणाल्या, “आमी कंपलेंट केली न्हाई, दादा.”

“न्हाई. मला काहीतरी दाखवायचंय. अश्विनीताईंनाही बोलवा.”

लग्नाआधीचा तो व्हिडिओ अमरनं अजून जपून ठेवला होता. त्यानं न बोलता फोन दिला. मी तो टीव्हीवर लावला आणि मुलगी बोलायला लागताच थांबवला. पडद्यावर पिवळ्या साडीतली सावळी मुलगी उभी होती. मी रिमोट काकूंना दिसेल असा धरला आणि एकेक पायरी सांगत गेलो. हा टोन थंड केला. हा कलर उतरवला. हा ब्राइटनेस. त्यांच्या डोळ्यांदेखत ती मुलगी निमगोरी होत गेली. पिवळी साडी लिंबाच्या सालीसारखी फिकी झाली. वासराचा रंगसुद्धा बदलला.

“तुम्ही कॉटवर होता, तेव्हा तुम्हाला हे चित्र दाखवलं होतं,” मी म्हणालो. “मी केलं होतं. व्हिडिओत कुणी काही केलेलं नव्हतं. तो जसा काढला तसाच आला होता.”

काकू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “परत करा. पयल्यासारखं.”

मी आकडे मागे आणले. मुलगी परत सावळी झाली.

“तुमास्नी कुणी सांगितलं हे कराय?”

मी माझ्यापुरतं सांगायचं ठरवून आलो होतो. पण काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. दारात ओल्या पायांनी अमर उभा होता.

“मी सांगितलं,” तो म्हणाला.

अश्विनी पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. “तुम्ही?” तिनं विचारलं. “तुम्हाला मी तशी पाहिजे होते?”

“न्हाई गं. मला हाय तशीच. आईनं न्हाई म्हणू नये म्हणून.”

“आणि आई अण्णांना बोलल्या त्या दिवशी? तुम्ही शेजारीच बसला होता.”

अमर ओले पाय पायपुसण्यावर पुसत राहिला. पोरगी तेवढी टीव्हीकडे बोट दाखवून “मम्मी, मम्मी” करत होती.

काकूंनी काठी जमिनीवर टेकवली. “मला हाय तशी दाखवली असतासा, तरी मी हो म्हटलं असतं. एवढं नाटक कशाला केलासा?”

“न्हाई म्हटलं असतं तुम्ही, आई,” अश्विनी म्हणाली. आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यावरची चूक दाखवावी तसं म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बाई उसळणार.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “न्हाईच म्हटलं असतं.”

मग त्या पलंगावर बसल्या आणि अमरला म्हणाल्या, “पावण्यांस्नी फोन लाव. मोठ्यानं ऐकू येतंय तसा लाव.”

तिकडे फोन उचलला गेला. मागे पंपाचा आवाज येत होता. “हॅलो, जावईबापू?”

“पावणं, मी बोलतीया. अमरची आई.”

एक क्षण नुसता पंपच वाजत राहिला. मग घाईघाईनं प्रश्न आला, “पोरगी बरी हाय न्हवं? काय झालं?”

“बरी हाय, बरी हाय. काय झालं न्हाई.” काकू थांबल्या. वयाची साठी पार केलेली, जन्मभर चार माणसांत आवाज चढवून बोललेली ती बाई शब्द शोधत होती. “तो व्हिडिओ. तुमी काय केलं नव्हतं त्यात. आमच्याच घरात टीव्हीवर फिरवाफिरवी केलती. मला आत्ता कळलं. तुमी फसवलं न्हाईसा.”

पलीकडे कुणीतरी पंप बंद केला. मग त्यांचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

“मला म्हाईत हाय की ते, विहीणबाई.”

काकूंच्या हातात फोन तसाच राहिला.

“मी काय केलं आणि काय न्हाई, मला म्हाईत हाय,” ते म्हणाले. “मला कशाला सांगतासा? त्या दिवशी घरात जी माणसं बसली हुती, त्यास्नी सांगा.”

एवढं बोलून त्यांनी नातीची चौकशी केली, तिचा खोकला गेला का विचारलं, आणि पाणी सोडायचं राहिलंय म्हणून फोन ठेवला. काकूंनी घरी या म्हटलं, त्याला ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

काकूंनी त्याच आठवड्यात सांगायला सुरुवात केली असं अमर म्हणाला. थोरल्या दिरांच्या घरापासून. काठी घेऊन एकेका दारात जातात, बसतात आणि सांगतात. काहीजण म्हणतात, एवढं काय त्यात, सोडा की. काकू त्यांनाही पुरतं ऐकवल्याशिवाय उठत नाहीत. तेवढी हिंमत मला चार महिन्यांत झाली नव्हती. अश्विनी नवऱ्याशी काही दिवस कामापुरतंच बोलत होती. त्यांच्यात पुढे काय झालं हे मी विचारलं नाही, तो हक्क मला नाही. तिचे वडील अजून त्या घरी गेलेले नाहीत.

पण त्यांचं ते वाक्य मला लागू होतं हे मला घरी येताना वाटेत कळलं. काकूंच्या घरात त्या दिवशी जेवढी माणसं होती, त्याच्या कितीतरी पट माणसांना मी ही गोष्ट हसत हसत सांगितली आहे. त्या गोष्टीत नेसरीचा एक बाप सावळी पोर खपवायला निघालेला असायचा आणि मी हुशार असायचो. ते हसलेले लोक कोल्हापुरात, हुपरीत, कागलमध्ये आहेत. त्यांच्या दारोदार जायला मला काकूंची ताकद नाही, आणि कुणाकुणाला सांगितलं ते आता आठवतही नाही. त्यातले बरेचजण हा अंक विकत घेतात हे मात्र मला ठाऊक आहे. म्हणून संपादकांनी कामातले अनुभव लिहा म्हटलं तेव्हा मी हो म्हणालो.

तर मंडळी, मी सांगितलेली ती गंमत विसरा. त्या माणसानं आपली मुलगी होती तशी दाखवली होती. रंग मी बदलला.